आधी काहून, मग बिगूल

मला पिपाणी म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. जत्रेतली पिपाणी वेगळी आणि मी वेगळा. मी बिगूल आहे. पितळेचा, जुना, नव्वदी ओलांडलेला. अकोटपासून एसटीनं वीस मिनिटांवर एक गाव आहे, तिथल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत घड्याळाखाली मी टांगलेला असतो. माझ्या गळ्याशी एक पोचा आहे आणि रुंद तोंडाच्या कडेला तीन परदेशी शब्द उमटवलेले आहेत. मित्रांनो, त्या तीन शब्दांपायी मी काय काय पाहिलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म इटली देशातला. १९३४ साली एका कारखान्यात पितळी पत्र्याची नळी केली, ती वळवली, सांध्यांना डाग दिले, घासलं आणि झाला बिगूल तयार. मला बटणं नाहीत. चार-पाच सूर तेवढे निघतात. पण ते असे निघतात, की दोन शेतं पलीकडचा बैल मान वर करून बघतो. थोडी फुशारकी आहे, पण खोटं नाही. शेवटी कारागिरानं ठसा ठोकून माझ्या कडेवर तीन शब्द उमटवले: क्रेदेरे, ओब्बेदिरे, कोंबात्तेरे. म्हणजे विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. मला वाटलं, वा रे वा, केवढा हा मान! ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगावर कोणीही काहीही लिहून जातं, हे मला फार उशिरा कळलं.

मी गेलो पिएत्रो नावाच्या बारा वर्षांच्या मुलाकडे. सेनिओ नावाच्या नदीकाठी त्याचं गाव होतं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. तेव्हा इटलीत फासिस्ट पक्षाचं राज्य होतं. एकच पक्ष, एकच नेता, आणि वेगळं कोणी बोललं तर मार नाहीतर तुरुंग. मोठी माणसं गप्प झाल्यावर राज्यकर्त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. आठ ते चौदा वर्षांच्या मुलग्यांसाठी त्यांनी 'बालिला' नावाची संघटना काढली होती. मुलांच्या बाकीच्या संघटना, अगदी स्काउटसुद्धा, बंद करून टाकल्या होत्या. जर्मनीतही तसंच चाललं होतं, आणखीही काही देशांत एका रंगाचे सदरे घालून पोरं रस्त्यावर उतरत होती. बालिलाच्या मुलांना काळा सदरा, गळ्यात निळा रुमाल आणि डोक्यावर गोंड्याची काळी टोपी. शपथ घ्यायची ती अशी, की नेत्याचा हुकूम चर्चा न करता पाळीन, वेळ पडली तर रक्त देईन. ज्यांचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते त्यांनाही तीच शपथ!

पण एक गोष्ट कबूल करतो. मुलांना मजा यायची. समुद्रकाठी शिबिर, फुकट सिनेमा, खेळ, नवे बूट, आणि कवायतीला खांद्यावर छोटी बंदूक. पिएत्रोनं त्याआधी समुद्र कधी बघितलाच नव्हता. पथकाचा बिगूल त्याच्या हातात आला त्या दिवशी तो मला उशाशी घेऊन झोपला. मीही काही कमी नव्हतो. दर शनिवारी आम्ही रस्त्यानं निघालो, की बायका खिडक्या उघडायच्या आणि मी अजूनच चेकाळायचो. कोणी कौतुक केलं की मला धरबंद राहत नाही, हा माझा जुना दोष आहे.

पिएत्रोचा एक मित्र होता, आल्दो. त्याचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. फासिस्टांच्या विरुद्ध बोलले म्हणून त्या माणसाला पूर्वी भर चौकात धरून एरंडेल पाजलं होतं. हसू नका मित्रांनो, आपल्याकडे आजी चमचाभर देते तसं नव्हे, अख्खी बाटली घशात ओतली होती. एवढं होऊनही त्यांनी आल्दोला बालिलात धाडलं नाही. पुढं १९३५ च्या एका शनिवारी पथकाच्या मास्तरांनी हुकूम सोडला: सगळ्यांनी आल्दोच्या दारात जाऊन थांबायचं, बिगूल फुंकायचा, आणि तो बाहेर आला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवायची.

आम्ही गेलो. पिएत्रोनं मला ओठांना लावलं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तो थांबला. आतलं सगळं मला कळतं, कारण माझं एक टोक माणसाच्या तोंडातच असतं. त्याला काहीतरी विचारायचं होतं. त्यानं मास्तरांकडे बघितलं, रांगेतल्या पोरांकडे बघितलं. सगळे समोर बघत होते. मग त्यानं डोळे मिटले आणि फुंकलं. मी वाजलो, खणखणीत वाजलो. आल्दो दारात आला तेव्हा चाळीस पोरांच्या पाठी त्याच्या समोर होत्या. दर शनिवारी हेच चाललं. पाचव्या शनिवारी ते घर बंद दिसलं. ते लोक कुठं गेले, हे गावात कोणी कोणाला विचारलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढं महायुद्ध आलं. पिएत्रो वीस वर्षांचा झाला होता, त्याला रशियाच्या लढाईवर पाठवलं. हुकूम आला आणि तो गेला. तिथल्या बर्फातून परत आला नाही. घरी एक कागद आला आणि खुंटीवर मी राहिलो.

१९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर लढाई झाली. तिथं इंग्रजांच्या फौजेत आपली मराठा पलटण होती. त्या पलटणीत किसनराव नावाचे शिपाई होते, अमरावतीजवळच्या वलगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. लढाई सरल्यावर ते पाणी मागायला पिएत्रोच्या घरी आले. दोन वर्षं त्या देशात काढल्यामुळं त्यांना तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती. घरात पिएत्रोची आई एकटी बसली होती, चूल थंड होती. किसनरावांनी स्वतःजवळची कणीक काढली आणि तिच्या चुलीवर पोळ्या भाजल्या. ती जेवली. मग उठून तिनं मला खुंटीवरून काढलं, निळ्या रुमालात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं.

ती म्हणाली, "हा घेऊन जा. माझ्या मुलाला त्यांनी सगळं शिकवलं. रांगेत चालायला, सलाम करायला, मरायला. फक्त का म्हणून विचारायचं, ते शिकवलं नाही. मीही शिकवलं नाही."

बोटीत, आगगाडीत, बैलगाडीत किसनरावांनी मला छातीशी धरून आणलं. वलगावच्या लोकांना वाटलं, लढाईत पराक्रम केला म्हणून साहेबानं बक्षीस दिलं. किसनराव म्हणायचे, "बक्षीस नाई बापा, थे एका मायची वस्तू हाय." पण ऐकतं कोण!

पुढं या शाळेत ते ड्रिल मास्तर झाले आणि मला घेऊन आले. पहिल्याच दिवशी त्यांनी एक अजब नियम काढला. ज्याच्या हातात बिगूल, त्यानं आधी मास्तरांना मोठ्यानं विचारायचं, "काहून?" मास्तरांनी सगळ्यांना पटेल असं उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं तर बिगूल वाजणार, नाहीतर नाही. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर 'का' म्हणत असाल. आमच्या वऱ्हाडात काहून म्हणतात. तो शब्द कानाला जरा दणकट लागतो, पण विचारायचंच आहे तर दणकट विचारावं.

"काहून, मास्तर?" पोरगं ओरडायचं.

"ऊन चढाच्या आंदी कवायत उरकाची हाय, म्हून."

मग मी वाजायचो. काय सांगू, त्या वाजण्यात वेगळीच मजा होती. इटलीतही मी मोठ्यानं वाजत होतो, पण इथं मोकळा वाजत होतो.

एकदा शाळेत मोठे साहेब तपासणीला येणार होते. सकाळपासून मुलं उन्हात उभी. त्या दिवशी मी माणिक नावाच्या दहा वर्षांच्या पोट्टीच्या हातात होतो. तिनं विचारलं, "काहून?"

किसनराव म्हणाले, "साहेब येऊन राहिले म्हून."

"मंग साहेब आल्यावर उभे राहू ना मास्तर! आत्ताच काहून?"

किसनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोट्टी बराबर बोलून राहिली," असं म्हणून सगळ्यांना लिंबाच्या सावलीत धाडलं. तेव्हाचे मुख्याध्यापक भडकले होते, किसनरावांची शाळेच्या कमिटीपुढं हजेरी झाली. पण नियम मोडला नाही.

१९७८ साली किसनराव निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर नियमही गेला. नव्या मास्तरांना तो बेशिस्त वाटला. मग शाळेच्या एका समारंभासाठी कोणीतरी मला सोनेरी ऑइलपेंट फासला. माझ्या अंगावरची अक्षरं त्याच्याखाली गेली. पुढं लाउडस्पीकर आला आणि मी कपाटात गेलो, मोडक्या लेझमी आणि फुटक्या कॅरम बोर्डाच्या शेजारी. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, मला बाहेर काढायचे, हळदीकुंकू लावायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. मी रुसलो होतो, पण कपाटात रुसून उपयोग काय?

आता अलीकडची गोष्ट. गावात गजेंद्र नावाचा एक तरुण आहे, वय सव्वीस, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तीन वेळा पोलीस भरतीला उतरला आणि तिन्ही वेळा थोडक्यात राहिला. त्यानं 'युवा शिस्त दल' काढलं. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मुलामुलींना पळवायचं, कवायत शिकवायची. मी आधीच सांगतो, पोरगा वाईट नाही. त्यानं कितीतरी पोट्ट्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवला आणि गावातली विहीर उपसून साफ केली. मुलं त्याला दादा म्हणून जीव लावतात. मग हळूहळू त्यानं शपथ आणली: दादाचा आदेश आला की विचारायचं नाही, फक्त करायचं. ती शपथ मी कपाटातून ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. पितळेवर काटा येत नाही म्हणा, पण काय झालं ते तुम्हाला कळलं.

दलासाठी त्यानं मला शाळेकडून मागून नेलं. मला वाजवणं कोणालाच जमेना. शेवटी प्रणाली पुढं आली. प्रणाली नववीत आहे, कबड्डी खेळते, तिचा दम मोठा. दुसऱ्याच फुंकेला तिनं मला वाजवलं आणि मी इतक्या वर्षांचा रुसवा विसरलो. म्हटलं ना, मला धरबंद राहत नाही.

गजेंद्र आणि प्रणाली मला घेऊन अकोटला तनवीरभाईंकडे गेले. तनवीरभाई बँडची वाद्यं दुरुस्त करतात, त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. त्यांनी मला हातात फिरवलं, टिचकी मारली आणि म्हणाले, "क्या पीतल है! असं पितळ आता भेटत नाई बेटा. हा रंग कोण्या अकलमंदानं लावला?" त्यांनी थिनरनं माझा रंग उतरवला. तसे ते तीन शब्द पुन्हा उजेडात आले.

गजेंद्रनं मोबाइल त्या शब्दांवर धरला आणि स्क्रीनवर उमटलेला अर्थ वाचला. विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. तो उडालाच. "अरे वा! हे त आपल्याच दलाचं हाय! पाह्य प्रणाली, शंभर वर्षांपासून हा बिगूल आपलीच वाट पाहून राहिला व्हता."

तनवीरभाई शांतपणे म्हणाले, "मतलब पाह्यला, ठीक. हे कोण म्हणत होतं, थे बी पाहून घ्या ना भाऊ."

"कोणी का म्हणेना. शब्द भारी हायेत," गजेंद्र म्हणाला.

झालं! तिथंच चूक झाली. माझं वय माहीत नाही, माझं गाव माहीत नाही, आणि माझ्या अंगावरचे शब्द दसऱ्याच्या आठ दिवस आधी चाळीस टी-शर्टांच्या पाठीवर छापून आले.

सोमवारी मुलं ते घालून शाळेत आली. नववीला संध्या मॅडम इतिहास शिकवतात. त्या परतवाड्याच्या, संस्थेनं बदलीवर इकडं पाठवलेल्या. बसथांब्याजवळ एका खोलीत एकट्या राहतात. त्यांनी ते शब्द वाचले आणि हातातला खडू खाली ठेवला. प्रणालीकडून मला वर्गात मागवून घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, आणि तास संपेपर्यंत इटलीची ती सगळी हकिगत सांगितली. काळे सदरे, शनिवारची कवायत, न विचारता पाळायचा हुकूम, आणि शेवटी त्या मुलांचं काय झालं ते. मग विचारलं, "आता सांगा, या तीन शब्दांत काय राहून गेलं?" दुसऱ्या दिवशी सहा मुलं टी-शर्ट न घालता आली.

गजेंद्र शाळेत येऊन धडकला. "मॅडम, तुमी आमाले हुकूमशहाचे पोट्टे म्हटलं म्हणे."

"तुम्हाला नाही म्हटलं, गजेंद्र. ते शब्द कुणाचे आहेत, ते सांगितलं."

"आमी चांगलं काम करून राहिलो, थे नाई दिसलं तुमाले?"

"दिसलं ना. विहिरीचं कौतुक मीच परिपाठात केलं होतं. पण मुलांना विचारू द्या."

तो पाय आपटत निघून गेला. त्याला फार लागलं होतं. चूक झाली म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि आता मागं फिरलो तर पोरं हसतील अशी भीती. मग त्यानं दलाला दसऱ्याचा आदेश दिला. आपल्याकडे दसऱ्याला संध्याकाळी लोक सीमोल्लंघन करून येतात आणि घरोघर आपट्याचं सोनं वाटतात. मुलं गुरुजनांच्या घरी जातात, पाया पडतात. आदेश असा होता: दलानं रांगेत सगळ्या गावाला सोनं द्यायचं, पण मॅडमच्या दारात थांबायचं, बिगूल फुंकायचा, त्या बाहेर आल्या की पाठ फिरवायची आणि सोनं न देता पुढं निघायचं.

मित्रांनो, ऐकताय ना? गाव दुसरं, भाषा दुसरी, नव्वद वर्षं उलटून गेलेली, आणि मी पुन्हा त्याच दाराशी!

मॅडमच्या कानावर ते गेलं होतं. शाळेत खिचडी शिजवतात त्या माणिकबाईंना त्या म्हणाल्या, "भांडायला मला भीती वाटत नाही हो. पण माझीच मुलं माझ्या दारात पाठ फिरवून उभी राहिली, तर मी या गावात कोणत्या तोंडानं शिकवू? दसऱ्यानंतर बदलीचा अर्ज देते." माणिकबाई म्हणजे तीच, दहा वर्षांची पोट्टी. आता साठीची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत अवजारांची पूजा होती. माणिकबाईंनी झारा, कढई, लेझीम आणि मला ओळीनं पाटावर मांडलं. प्रणाली फुलं घेऊन आली होती. माणिकबाई मला पुसता पुसता म्हणाल्या, "उद्या तूच वाजवून राहिली ना वो?"

"हाव."

"काहून, थे इचारलं का दादाले?"

"आमच्या शपथीत इचारत नाई," ती हळूच म्हणाली.

"आमच्या येळी बिगूल हातात घेतला का पयले काहून इचारा लागे. किसनराव मास्तरचा नियम व्हता. मास्तर म्हणत, ज्या मायनं हा बिगूल देल्ला, तिचं पोट्टं न इचारता गेलं अन् वापस आलं नाई." माणिकबाईंनी मला कुंकू लावलं. "मी तुले काई सांगत नाई बापा. वाजवाचं त वाजव. पण पयले इचार. दम तुहा हाय, बिगुलाचा नाई."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. पुढं गजेंद्र, मागं ढोल, मग प्रणाली आणि मी, आणि आमच्यामागं चाळीसेक मुलं. घरोघर सोनं वाटलं, मी दारोदार वाजलो. लोक खूश होते. मी मात्र मनातून बसथांबा लांब जावा म्हणत होतो. पण रस्ता काय, येतोच.

मॅडमच्या दारात रांगोळी होती. आत तबकात पेढे मांडून ठेवलेले दिसत होते. एवढं ऐकूनही त्यांनी पेढे आणले होते. दल थांबलं, ढोल थांबला. शेजारपाजारची माणसं ओट्यांवर आली.

"प्रणाली, फुंक!" गजेंद्र म्हणाला.

प्रणालीनं मला ओठांना लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. आणि ती थांबली. मला पिएत्रो आठवला. तोच थांबलेला श्वास, तीच समोर बघणारी पोरं. पितळेच्या तुकड्याच्या हातात काय असतं? काही नसतं. कोणी फुंकलं की वाजायचं. मी एवढंच म्हणत राहिलो, की पोरी, डोळे मिटू नको, डोळे मिटू नको.

तिनं डोळे मिटले नाहीत. तिनं मला खाली घेतलं, आणि माझ्यासाठी घेतलेला तो सगळा दम एका शब्दाला दिला.

"काहून?"

ओट्यावरची माणसं दचकली. गजेंद्र वळला. "काय?"

"काहून फुंकू, दादा? काहून पाठ फिरवाची?"

"मी म्हणतो म्हून. आदेश हाय."

"हे उत्तर नाई झालं, दादा."

"प्रणाली! शपथ घेतली हाय तू!"

"घेतली, दादा." तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "पण मले मॅडमनं काई केलं नाई. त्यायनं फक्त सांगतलं. तुमी उत्तर द्या, मी फुंकतो."

उत्तर असतं तर गजेंद्रनं दिलं असतं, तो काही भित्रा नाही. ढोलवाल्यानं उगाच एक टिपरू मारलं आणि तोही थांबला.

प्रणालीनं मला काखेत दाबलं, खिशातून आपट्याचं पान काढलं आणि पायऱ्या चढली. मॅडम दारातच उभ्या होत्या. "सोनं घ्या मॅडम, सोन्यासारखं राहा," म्हणत ती वाकली, तेव्हा माझा गळा उंबऱ्यावर आपटला. गळ्याचा तो पोचा तेव्हाचा. मॅडमनी तिला उचललं, पेढा दिला, आणि पदर डोळ्यांना लावला. मग रांगेतून नितेश निघाला. मग आणखी दोघी. मी मोजले, एकूण तेरा जण चढले. बाकीचे गजेंद्रच्या मागं पुढं गेले. ढोलाचा ताल मात्र शेवटपर्यंत जुळला नाही.

सगळे बदलले असं मी सांगणार नाही. दल अजून आहे, रविवारी पळतात. शपथ घेतात की नाही मला ठाऊक नाही, मला आता तिथं नेत नाहीत, मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगून ठेवतात. दिवाळीनंतर गजेंद्र शाळेत आला होता. माझ्या कडेवरची अक्षरं त्यानं बोटानं चाचपली. प्रणालीनं त्याला मला देणाऱ्या मायची गोष्ट सांगितली होती. माणिकबाईंना त्यानं विचारलं, "त्या मायचं पोट्टं किती वर्षांचं व्हतं वो?" त्या म्हणाल्या, "वीस." टी-शर्ट मात्र त्यानंतर कोणाच्या अंगावर दिसले नाहीत. मॅडमनी बदलीचा अर्ज दिला नाही.

मुख्याध्यापकांना वाटत होतं, तनवीरभाईंकडून ती अक्षरं घासून काढावी, शाळेत असलं काही नको. मॅडम आणि प्रणाली दोघीही म्हणाल्या, राहू द्या. मलाही तेच सांगायचं आहे. मित्रांनो, मला चकचकीत करा, पोचा काढा, हवं तर कुंकू लावा, पण ती अक्षरं घासू नका आणि त्यांच्यावर सोनेरी रंग फासू नका. रंगाखाली गेली होती म्हणूनच कोणाला तरी ती नवी वाटली.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला लाउडस्पीकर बंद पडला आणि मला खाली काढलं. प्रणालीनं मला हातात घेतलं आणि सगळ्या शाळेसमोर मुख्याध्यापकांकडे वळून विचारलं, "काहून, सर?" सर गोंधळले, घाम पुसला, मग म्हणाले, "आजच्या दिवशी आपलं संविधान लागू झालं. आपल्याला प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. म्हणून."

उत्तर मिळालं. प्रणालीनं फुंकलं आणि मी वाजलो. दोन शेतं पलीकडं बैलानं मान वर केली असणार. मला वाजायला आवडतं, मित्रांनो, फार आवडतं. कोणीही हातात घ्या आणि छाती भरून फुंका. फक्त त्याआधी माझ्यासाठी एवढं करा, एकदा विचारा. एका मुलाचं विचारायचं राहून गेलं होतं.